एकाच गावात वेगळी खोली: मनाने हळव्या लेकीला सुटं होऊ देताना

ओंजळ (इंदूर)

बरेच दिवस इथे नुसती वाचते आहे. आज लिहिल्याशिवाय राहवत नाही म्हणून धागा काढते. लांबला तर सांभाळून घ्या.

माझी लेक २१ वर्षांची. बारावीपर्यंत घरातली सगळ्यात बोलकी. पुढे शिकायला पुण्याला गेली आणि आठव्या महिन्यात आम्ही तिला परत आणलं. रात्र रात्र झोप नाही, वर्गात बसलं की छाती धडधडायची, श्वास कोंडायचा, आणि एकदा तिने स्वतःला इजा करून घेतली. ते मला तिच्या मैत्रिणीच्या फोनवरून कळलं. परतीच्या गाडीत ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती, मी इंदूर येईपर्यंत जागी. तेव्हाच मनाशी ठरवलं, आता हिला नजरेआड करायचं नाही.

अडीच वर्षं मी ते पाळलं. गोळ्या मी काढून देते. डॉक्टरांची वेळ मी घेते, आत गेल्यावर अर्धं मीच बोलते. अभ्यासक्रमाचे अर्ज, फी, परीक्षेची तारीख, सगळं माझ्या फोनमध्ये. मावसबहिणीच्या लग्नाला ती का आली नाही याचं उत्तरही मीच देते. तिच्या खोलीला आतून कडी लावायची नाही असा आमच्याकडे नियम आहे. ती आंघोळीला गेली की मी काहीतरी काम काढून त्याच पडवीत घुटमळते.

आता ती बरीच सावरली आहे. डॉक्टरांचं निदान: उदासीनता (डिप्रेशन) आणि चिंतेचा आजार. औषध चालू आहे, पंधरवड्यातून एकदा समुपदेशन. इग्नूतून बी. कॉम. करते. दिवाळीनंतर विजयनगरच्या एका छोट्या ऑफिसात हिशेबाचं काम लागलं. आणि मागच्या रविवारी पोहे खाता खाता म्हणाली, "आई, मला तिकडे खोली घ्यायची आहे. एकटीला."

आम्ही राजेंद्रनगरला राहतो. अंतर आहे, पण रोज जाण्यायेण्यासारखं आहे. ती म्हणाली, अंतराचा प्रश्नच नाही. सासूबाई म्हणाल्या, "एका गावात दोन चुली कशाला?" नवरा ताटावरून उठून गेला.

मला भीती रात्रीची आहे. दिवसा ती माणसांत असते. रात्री अकरानंतर काय? पाठवू की नको एवढंच विचारत नाहीये. पाठवायचं तर आधी काय काय करावं लागतं? आणि एक खटकलेली गोष्ट सांगते. नवीन डॉक्टर आता मला बाहेर बसवतात. म्हणतात, ती सज्ञान आहे, तिने सांगितलं तरच तुम्हाला सांगेन. अडीच वर्षं जिने रात्री जागून काढल्या तिला बाहेर बसवायचं, हे मला फार लागलं.

रामबागकर

ताई, खोलीचं नंतर बघा. आजपासून गोळ्या तिच्या हातात द्या. सात कप्प्यांची डबी औषधाच्या दुकानात मिळते. रविवारी तिने भरायची, तुम्ही फक्त बघायचं. महिनाभर चुकलं नाही की बघणंही बंद.

हे का सांगतो तर माझा भाऊ. चाळिशीला आला तरी आई त्याला गोळी आणि पाण्याचा पेला हातात देत होती. आई गेली आणि तिसऱ्या आठवड्यात गोळ्या सुटल्या. त्याला गोळीचं नाव माहीत नव्हतं, मात्रा माहीत नव्हती, डॉक्टरांचा पत्तासुद्धा नाही. आम्हा भावंडांनाही नव्हता, कारण सगळं आईच्या डोक्यात. पुढचं वर्ष फार वाईट गेलं.

माळवी_मिरची

मीपण मुलाच्या बाबतीत हेच करून राहिले होते हो. वाचून पोटात कालवलं. धाग्यावर लक्ष ठेवते.

पिंपळपान

मी या क्षेत्रात काम करते. डॉक्टर नाही, रुग्णांच्या घरच्यांबरोबरचं काम माझ्याकडे असतं. सविस्तर लिहिते, पण शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

आधी रामबागकरांच्या डबीबद्दल एक दुरुस्ती. डबी तिच्याकडे हवीच. पण पूर्वी इजा करून घेतली आहे, म्हणून महिन्याचा साठा एकदम हाताशी नको. डॉक्टरांना विचारून सात दिवसांचीच औषधं तिच्याजवळ ठेवा, बाकीची तुमच्याकडे. हे तिच्यापासून लपवून करू नका, तिच्यासमोर बोलून ठरवा. बहुतेक मुलं हे समजून घेतात, उलट त्यांनाच हायसं वाटतं.

ही औषधं काम करायला दोन ते चार आठवडे घेतात, पूर्ण गुण यायला कधी त्याहून जास्त. आणि बरं वाटू लागलं की पहिला विचार येतो तो गोळी बंद करण्याचा. नव्या खोलीत, नव्या उत्साहात तो हमखास येतो. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने औषध चालू ठेवायचं असतं आणि थांबवायचं ते हळूहळू कमी करत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. अचानक सोडलं तर चक्कर, चिडचिड, झोप उडणं सुरू होतं आणि माणसाला वाटतं आजार परत आला. शिवाय पंचविशीच्या आतल्या मुलांना नवीन गोळी सुरू केली किंवा मात्रा बदलली तर पहिले काही आठवडे जास्त लक्ष द्यावं लागतं, कारण थोड्या जणांत मरणाचे विचार वाढू शकतात. म्हणून घर बदलणं आणि औषध बदलणं एकाच महिन्यात नको.

आता डॉक्टरांनी बाहेर बसवल्याबद्दल. ताई, तुमचं लागणं मी समजू शकते, पण डॉक्टर बरोबर आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. तो कायदा २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला. जिवाला धोका असेल तेव्हा डॉक्टर घरच्यांशी बोलू शकतात, तो अपवाद त्यात आहे. आणि याच कायद्यात तुमच्या उपयोगाची दुसरी गोष्ट आहे. सज्ञान व्यक्तीला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो. साध्या कागदावर लिहून सही केली की झालं, मुद्रांक लागत नाही. आजारपणात निर्णय घ्यायला मदत कुणी करायची, हे ती बरी असताना तीच ठरवते, आणि केव्हाही बदलू शकते. तिला विचारा, तुला कुणाचं नाव लिहावंसं वाटतं? ते तुमचंच असेल असं धरून चालू नका. मावशीचं नाव लिहिलं तरी वाईट वाटून घेऊ नका.

आणखी एक, कारण यात घरं फार घाबरतात. आत्महत्येचा प्रयत्न झाला तर पोलीस केस होईल म्हणून लोक दवाखान्यात न्यायला उशीर करतात. याच कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरतात, शिक्षेचा विचार नाही, उलट तिची काळजी घेणं सरकारवर बंधनकारक आहे. वेळ आली तर एक मिनिट घालवू नका.

रात्रीच्या भीतीसाठी तिच्याबरोबर बसून एक कागद लिहा. ती चांगल्या मनःस्थितीत असताना, तिच्याच अक्षरात. बिघडायला लागलं की सगळ्यात आधी काय होतं? (कुणी जेवण टाळतं, कुणी फोन बंद ठेवतं, कुणी एकच गाणं शंभरदा ऐकतं.) तेव्हा ती एकटीने काय करू शकते? मग कुणाला फोन? त्याने उचलला नाही तर कुणाला? आणि सगळंच हाताबाहेर गेलं तर कुठल्या दवाखान्यात, कुणाबरोबर? इंदुरात बाणगंगेचं सरकारी मानसिक रुग्णालय आहे, एम. वाय. हे मोठं सरकारी रुग्णालय आहे, रुग्णवाहिकेला १०८. टेली मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून आहे, चोवीस तास, फुकट, आणि भाषा निवडता येते. तिला तो आत्ताच एकदा लावून बघू द्या, बरी असताना. पहिल्यांदा अनोळखी माणसाशी बोलणं रात्री दोन वाजता जमत नाही.

भास्करराव_निवृत्त

मी वयाने मोठा आहे म्हणून स्पष्ट लिहितो. इतके दिवस घरात ठेवलीत, आता चांगलं स्थळ बघून लग्न करून द्या. जबाबदारी पडली की मुली आपोआप सावरतात. आमच्या पिढीत हे आजार नव्हते.

उंबरठा

काका, तुम्ही वाईट हेतूने लिहिलं नाहीत हे कळतं. तरी उत्तर देते, कारण मी तीच लेक आहे. आता २७ वर्षांची, माहेर इंदूरचंच.

तुमच्या पिढीतही हे आजार होते. माझी एक आतेआजी होती. तिला घरात सगळे "तिरसट" म्हणायचे. ती दुपारी माजघरात भिंतीकडे तोंड करून पडून असायची. तिचं लग्न तिच्या अठराव्या वर्षी झालं होतं आणि जबाबदारीही भरपूर होती. तिला काय होतं हे कुणी विचारलंच नाही.

ओंजळताई, आता तुम्हाला. माझी आई तुमच्यासारखीच होती. तिच्या मायेवर मी कधीही शंका घेणार नाही. पण कडी नसलेल्या खोलीत बरं होणं किती अवघड असतं ते सांगू? मला रडायचं असेल तर रडता यायचं नाही, कारण रडण्याचा आवाज आला की घरात धावपळ. साधी कंटाळलेली असले तरी आई कपाळाला हात लावून बघायची. पुढे पुढे मला स्वतःलाच कळेना की मी आजारी आहे की नुसती वैतागले आहे. माझ्या मनात काय चाललंय हे मला कळायच्या आधी आई सांगायची. बाहेर पडल्यावर पहिले दोन महिने मी फक्त हेच शिकले: हा थकवा आहे, ही भूक आहे, ही भीती आहे, आणि हे ते जुनं अंधारं आहे.

बाहेर पडले तेव्हा आई दिवसातून बारा-चौदा फोन करायची. नाही उचलला तर शेजारच्या मुलीला. मी फोन बंद ठेवायला लागले. मग बाबांनी एक तोड काढली. रोज रात्री साडेनऊला मी एक मेसेज टाकायचा, नुसता आकडा. शून्य ते दहा. चारच्या वर असेल तर कुणीही फोन करायचा नाही. चार किंवा खाली असेल तर बाबा फोन करणार आणि मी उचलणार. दोन असेल तर विचारपूस नाही, ते थेट निघून येणार. तीन वर्षांत दोन एकदाच टाकला. ते रात्री बाराला स्कूटरवर आले, काही न विचारता खुर्चीत बसून राहिले, सकाळी मला चहा करून दिला. दोघं मिळून डॉक्टरांकडे गेलो.

आणि कडी आजच लावू द्या. खोली मिळायची वाट बघू नका.

रामबागकर

आकड्याची कल्पना फार आवडली. वाचनखूण साठवली.

पिंपळपान

उंबरठाने अनुभवातून जे सांगितलं त्याला संशोधनाचाही आधार आहे. लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनियाचे रुग्ण दवाखान्यातून घरी गेल्यावर कुणाचा आजार उलटतो हे पाहिलं. १९७२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ज्या घरात सतत टीका असते किंवा अति गुंतणं असतं, तिथे आजार जास्त उलटतो. पुढच्या अभ्यासात असंही दिसलं की अशा घरात आठवड्याला ३५ तासांपेक्षा जास्त वेळ समोरासमोर काढणाऱ्यांना त्रास अधिक. पुढे उदासीनतेच्या रुग्णांतही टीकेचा असा परिणाम दिसला. याचा अर्थ आईमुळे आजार होतो असा मुळीच नाही, तसं कुणी म्हणालं तर ऐकूनही घेऊ नका. एवढंच की थोडं अंतर हाही कधी उपचाराचा भाग असतो.

चिंतेच्या आजारात आणखी एक चक्र असतं. तिला फोनवर बोलायची भीती, म्हणून तुम्ही बोलता. तिची भीती त्या क्षणी उतरते, पण मनात पक्कं बसतं की हे मला जमणारं नाही. पुढच्या वेळी भीती दुप्पट. तुम्ही केलेलं प्रत्येक काम मायेनेच केलेलं, पण एकेक करून ते तिला परत द्यावं लागेल. सगळ्यात सोप्यापासून सुरुवात. गॅसचा नंबर लावणं, बँकेत जाऊन पासबुक भरणं, मग डॉक्टरांची वेळ घेणं. तिचा आवाज कापेल. कापू द्या. फोन हातातून घेऊ नका.

सयाजीनगरी (वडोदरा)

मुलगा २४ वर्षांचा, आम्ही मांजलपूरला. माझी चूक लिहितो, कुणाला उपयोग झाला तर बरं.

मुलाला दुसऱ्या गावात नोकरी लागली तेव्हा मी त्याला न सांगता घरमालकाला भेटून आलो. "जरा लक्ष ठेवा, तब्येत नाजूक असते." भाडंही परस्पर भरत होतो, तो भरतोय असं त्याला वाटू देत. चौथ्या महिन्यात मालकाच्याच तोंडून त्याला दोन्ही कळलं. तो नोकरी सोडून घरी आला आणि सहा महिने माझ्याशी बोलला नाही. भाड्याचे पैसे गेले त्याचं काही नाही. आपण कमावतोय, आपण राहतोय हे त्याचं समाधान खोटं ठरलं, ते मी हिरावलं.

आता तो पुन्हा बाहेर आहे. यावेळी उघड बोली केली. पहिले सहा महिने भाड्यातले निम्मे मी देणार, पुढचे तीन महिने पाव, मग शून्य. आजारपणासाठी वेगळी रक्कम त्याच्या नावावर ठेवली आहे, ती वापरायला मला विचारायचं नाही. परत यावंसं वाटलं तर खोली तशीच आहे आणि परत आलास तर हरलास असं या घरात कुणी म्हणणार नाही, हे त्याच्या आईने त्याच्यासमोर मला म्हणायला लावलं.

शिक्षण अर्धं राहिलेल्यांसाठी एक माहिती. नवीन शैक्षणिक धोरणात पदवीच्या पहिल्या वर्षानंतर थांबलं तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका मिळते, आणि मिळवलेले क्रेडिट बँकेसारखे सात वर्षं जमा राहतात. माझ्या मुलाला "वर्ष वाया गेलं" हे वाक्यच आतून खात होतं. ते वर्ष कागदावर तरी जिवंत आहे, हे दाखवल्यावर त्याचा चेहरा बदलला.

ओंजळ

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. उंबरठा, तुझा तर रात्री स्वयंपाकघरात उभ्याने वाचला. दुसऱ्या दिवशी सुतार बोलावून कडी लावली. ती काही बोलली नाही, पण त्या रात्री पहिल्यांदा लवकर झोपली.

कागद लिहायला बसलो तेव्हा पहिलंच वाक्य तिने लिहिलं: "माझं बिघडायला लागलं की मी खूप छान वागायला लागते." मला हे माहीतच नव्हतं. मी ते सगळे दिवस चांगले म्हणून मोजत होते.

नवऱ्याशी मात्र जमत नाहीये. तो म्हणतो, मुलगी परत तशीच झाली तर जबाबदार कोण? मी म्हटलं, घरात असतानाही झाली असती तर कोण होतं? त्यावर आम्ही दोघंही रडलो. बावीस वर्षांच्या संसारात त्याला रडताना दुसऱ्यांदा पाहिलं.

दोन प्रश्न. घरमालकिणीला सांगायचं का? आणि ऑफिसात?

पिंपळपान

दोन्ही ठिकाणी सांगायचं की नाही हे तिने ठरवायचं. घरमालकिणीला आजाराचं नाव सांगायची गरज नसते. अडीअडचणीला कुणाला फोन करायचा ते दोन नंबर दिले की पुरे. ऑफिसात तिला हवं तर "महिन्यातून दोनदा दवाखान्यात जावं लागतं, त्या दिवशी तासभर आधी निघेन" एवढंच. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये मानसिक आजारही येतो, गरज पडली तर प्रमाणपत्र काढता येतं, पण तिच्या आत्ताच्या स्थितीत ते लागेल असं वाटत नाही. विमा मात्र बघा. शारीरिक आजारासारखाच मानसिक आजारालाही विमा द्यावा असं २०१७ च्या कायद्यात आहे. नोकरीतल्या पॉलिसीत रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च धरला आहे का ते तिला स्वतःला विचारू द्या.

नवखा_बाबा

माझं उलट आहे. मुलगा २३ वर्षांचा, खोलीतून बाहेरच येत नाही. जेवणाचं ताट दारात ठेवतो. समुपदेशकाचं नाव काढलं की दार आपटतो. त्याच्याशिवाय काही करता येतं का?

पिंपळपान

दादा, येतं. येल विद्यापीठातल्या एली लेबोविट्झ यांनी अशी पद्धत बसवली आहे की मूल आलं नाही तरी फक्त आईवडिलांबरोबर काम करतात. मुलाला बदलायला जायचं नाही, आपण काय करतो तेवढंच बदलायचं. आणि बदलायच्या आधी त्याला सांगायचं, "तुला किती अवघड जातंय हे दिसतंय, आणि तुला हे पेलवेल असंही मला वाटतं." मग एकच गोष्ट. उदाहरणार्थ, ताट दारात नाही, टेबलावर. पण आधी एकटे जाऊन मनोविकारतज्ज्ञांना भेटा. हा चिंतेचा आजार आहे की दुसरं काही, हे न पाहता ताट हलवू नका. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

ओंजळ

जवळजवळ तीन महिन्यांनी लिहिते आहे. विजयनगरला नाही, तिलकनगरला एका बाईंच्या घरात वरची खोली मिळाली. खाली त्या एकट्याच असतात. नवरा भाड्याचं बोलायला गेला नाही, पण पंखा बसवायला गेला. तिथल्या खिडकीला कापड लावून आला.

पहिल्या आठवड्यात मी झोपले नाही. ती रोज आकडा टाकते. सहा, सात, पाच, सहा. एका रात्री चार आला. नवऱ्याने फोन केला, मी शेजारी बसून होते पण बोलले नाही. अकरा मिनिटं बोलले दोघं, कशाबद्दल ते मी विचारलं नाही.

रंगपंचमीला ऑफिसातल्या मुली गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) बघायला राजवाड्याला निघाल्या. ती गेली, आणि गर्दीत श्वास कोंडला. मागे सराफ्याच्या एका बोळात दुकानाच्या पायरीवर बसली, मैत्रीण शेजारी. १४४१६ वर बोलली. वीस मिनिटांनी उठून घरी, म्हणजे तिच्या खोलीवर, गेली. मला दुसऱ्या दिवशी कळलं. खरं सांगते, पहिल्यांदा राग आला. मी होते ना, मला का नाही? मग बघितलं तर त्या रात्रीचा आकडा पाच होता. तिने खोटं लिहिलं नव्हतं.

प्रतिनिधीच्या कागदावर तिने मावशीचं नाव लिहिलं. पिंपळपान, तुम्ही आधीच सांगितलं होतंत म्हणून तोंडावर काही दिसू दिलं नाही. बहिणीला सगळ्या गोळ्यांची नावं लिहून दिली. ती आता डॉक्टरांनाही भेटून आली आहे.

काल रविवार. तिने आम्हाला पोह्यांना बोलावलं. पोहे जरा कोरडे झाले होते, सासूबाईंनीही दुसऱ्यांदा घेतले. शेव होती, पण जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) विसरली होती. मी सवयीने उठले, म्हटलं कोपऱ्यावरून घेऊन येते. ती म्हणाली, "बस गं तू, मी आणते." चप्पल घातली, किल्ली घेतली आणि जिन्यावरून गेली. ती येईपर्यंत आम्ही तिघं तिच्या खोलीत बसून होतो.